नाला पूर्ववत

पुष्पावती गर्जे यांना त्या पावसाळ्यात मिळण्यासारखं बरंच होतं. उपअभियंता हे पद, दार असलेली केबिन, दारावर नावाची पाटी आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना वरच्या पगारावर बसणारं पेन्शन. सव्वीस वर्षं त्या नगरपरिषदेत नाल्यांच्या कनिष्ठ अभियंता होत्या आणि सव्वीस वर्षं त्यांचं टेबल जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या रांगेला चिकटून होतं. अट एकच होती. यंदाच्या गोपनीय अहवालात त्यांच्या नाल्याविरुद्ध लेखी तक्रार चढता कामा नये. गाव जिल्ह्याच्या पूर्व अंगाला आहे. नाव सांगत नाही. न सांगताही चार गावांना ते आपलंच वाटेल.

लेखी तक्रार आजवर आली नव्हती. मोठा नाला ऊसतोड कामगारांच्या वस्तीला वळसा घालून खाली जातो. तिथली माणसं दिवाळीनंतर तोडीला जातात आणि पावसाळ्यात, म्हणजे बरोबर पाण्याच्या वेळेला, घरी असतात. दरवर्षी घरांत गुडघाभर पाणी शिरे आणि दरवर्षी आक्काबाई पालवे कार्यालयात येऊन ते सांगून जाई. पुष्पावतीबाई तिला खुर्ची देत, चहा देत, सगळं ऐकून घेत. तोंडी तक्रार कार्यालय धरत नाही.

नालेसफाईही दरवर्षी होई. कंत्राटदार गहिनीनाथ मे महिन्यात पुलाजवळचा गाळ उपसून काठावर ढीग लावी, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो काढी, आणि पाऊस लागला की ढीग मुकाट्याने नाल्यात परत जाई. पाय मोडलेली एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची अकरा वर्षांच्या 'आधी'च्या फोटोंत होती. गाळातल्या इतर वस्तूंची पुष्पावतीबाईंना खात्री नव्हती, पण खुर्ची तीच.

यंदा आक्काबाईच्या सुनेने, पंकजाने, मोबाईलवरून तक्रार ठोकली. ती थेट जिल्ह्याला गेली आणि नंबर घेऊन पुष्पावतीबाईंच्या टेबलावर उतरली. पंधरा दिवसांत निकाली निघाली तर अहवालात चढणार नव्हती. पण निकाली काढायला तक्रारदाराच्या मोबाईलवर येणारा आकडा लागतो, आणि पंकजा फोटो पाहून आकडा देणाऱ्यांतली नव्हती.

बाईंनी गहिनीनाथला बोलावून सांगितलं, की यंदा नाला काढायचा.

"काढू की. कवा येताय फोटोला?"

"फोटोला नाही. नाला काढायचा. पुलापासून खालपर्यंत."

गहिनीनाथने खिशातून काढलेला मोबाईल परत खिशात घातला. "म्हंजी, खरंच?"

"खरंच."

"सवय न्हाई मॅडम आमाला. जरा संबाळून घ्या."

नऊ दिवस पुष्पावतीबाई गमबूट घालून उन्हात उभ्या राहिल्या. काठावर ढीग लावूच दिला नाही. गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून फुकटात नेला. खाली रामहरी शेठच्या मंगल कार्यालयाच्या भिंतीत नाल्याचा पाइप शिरतो, तिथवर सगळं लख्ख झालं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाल्याचा तळ दिसला. फरशीचा होता. कुणीतरी कधीकाळी मन लावून बांधलेला. त्या संध्याकाळी त्या उगाचच पुलावर थांबल्या.

निळी खुर्ची आक्काबाईने धुऊन घेतली, मोडक्या पायाखाली वीट लावली आणि बाईंना त्यावर बसवलं. मग भिंतीतल्या लोखंडी अँगलवर ठेवलेल्या ज्वारीच्या कोठीकडे बोट केलं. पाण्याच्या भयाने ती कोठी कित्येक वर्षं डोक्याच्या वर होती.

"खाली उतरवू का आता? स्टुलावर चढून ज्वारी काढायची म्हंजी गुडघं बोंबलत्यात."

"उतरवा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "माझी जबाबदारी."

पंकजाने आकडा दिला. तक्रार निकाली निघाली.

पुढच्या रविवारी दुपारी पाऊस कोसळला. पाणी वस्तीजवळून पंधरा मिनिटांत निघून गेलं. माणसं दारात उभी राहून ते जाताना बघत होती. आजवर ते फक्त येताना पाहिलेलं. खाली मंगल कार्यालयात रामहरी शेठच्या पुतणीचं लग्न होतं आणि दुसरी पंगत बसली होती. शेठनी नाल्यावरच स्वयंपाकघर बांधलं होतं आणि भिंतीत शिरलेला पाइप आतल्या बाजूने सिमेंटने बंद केला होता. वस्तीच्या पुढे पाणी कधी आलंच नव्हतं, तर पाइप उघडा कशाला ठेवायचा? पाणी भिंतीशी थांबलं, चढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत आलं. मठ्ठ्याचं पातेलं तरंगत पंगतीत शिरलं. व्याही पाटावरून उठले ते खुर्चीवर चढले. बाहेर काढलेले चारशे चपलांचे जोड तेवढे वऱ्हाडाच्या आधी निघाले.

रामहरी शेठ नगराध्यक्षही होते. सोमवारी सकाळी ते मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत बसले आणि बाईंना बोलावणं आलं.

"मॅडम, नाला कुनी साफ केला?"

"मी."

"कुनाला इचारून?"

पुष्पावतीबाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि नाल्याच्या रेषेवर बोट ठेवलं. रेषा स्वयंपाकघरातून जात होती. शेठनी नकाशा नीट पाहिला.

"नकाशा जुना हाय," ते म्हणाले. "कार्यालय नवीन हाय."

मुख्याधिकारी तरुण होते आणि कुणाला दुखवत नसत. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पदोन्नतीची यादी शुक्रवारी जातेय."

आदेश दुपारी निघाला. 'सदर नाल्याची स्थिती पूर्ववत करण्यात यावी व छायाचित्र सादर करावे.' खाली पुष्पावतीबाईंची सही घेतली गेली. त्यांनी ती केली.

गाळ परत मिळेना. आसाराम म्हणून एक शेतकरी होता, तो म्हणाला, "त्यात कपाशी टोकली मॅडम. न्यायचा तर न्या, पन कपाशी बी तुमीच टोका परत." शेवटी मुरूम आणावा लागला. गहिनीनाथने पूर्वीइतकाच, पूर्वीच्याच जागी, पुलाजवळ वस्तीच्या वळणावर ओतला. ह्या कामात मात्र त्याला सांभाळून घ्यावं लागलं नाही. वस्तीने बघितलं, पण बाईंचंच काम म्हणून कुणी विचारलं नाही. मग त्याने 'आधी'चा जुना फोटो काढून शेजारी धरला आणि मान हलवली.

"मॅडम, खुर्ची राह्यली."

गुरुवारी पुष्पावतीबाई वस्तीत गेल्या. वाटेत त्यांनी एक वाक्य तीनदा जुळवलं होतं. कोठी चुलीशेजारी जमिनीवर होती आणि तिला हळदीकुंकू लावलेलं होतं. आक्काबाईने चहा टाकला, खुर्ची पुढे केली. गेल्या पावसात चूल विझली नाही, हे तिने दोनदा सांगितलं. चहा संपला. वाक्य कपाच्या तळाशीही सापडलं नाही.

"आक्काबाई, ही खुर्ची पाहिजे होती."

"न्या की. तुमचीच हाय."

कशाला, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित बाईंनी सांगितलं असतं. ते काही नक्की नाही.

फोटो हुबेहूब आला. शुक्रवारी यादी गेली. रविवारी पाऊस झाला.

रामहरी शेठना लग्नातल्या नुकसानीपायी नगरपरिषदेकडून नवी फरशी मिळाली. गहिनीनाथला काढण्याचं आणि भरण्याचं, अशी दोन्ही बिलं मिळाली. पुष्पावतीबाईंना केबिन मिळाली. दार जरा घासतं, पण लागतं. आक्काबाई त्या दारातून आत आली आणि पदराची गाठ सोडून मूठभर ज्वारी टेबलावर ठेवली. मोड आलेली होती. कोठीत दोन क्विंटल होती, तोडीला जाईपर्यंत पुरणारी.

"तुमी म्हनला हुता, उतरवा."

पुष्पावतीबाईंनी चहा मागवला. आक्काबाई बसली नाही.

ती गेल्यावर शिपाई पावसाळी अहवाल घेऊन आला. वस्तीतल्या नुकसानीच्या रकान्यात बाईंनी ज्वारी बाजूला सारून 'निरंक' लिहिलं आणि खाली नव्या पदाने सही केली. तक्रार तोंडी होती.