विसावा भाऊ

झीटा म्यू रो या कॉलेजातल्या पोरांच्या बंधुमंडळाच्या हॅल्वरटन शाखेत कोट एकच होता. गडद निळा, सोनेरी बटणांचा आणि पाठीमागून चार चिमटे लावले की कुणाच्याही मापाचा होणारा. दर सप्टेंबरात फोटोवाला आला की सगळे भाऊ पाळीपाळीनं तोच कोट चढवत, तोच टाय गळ्यात अडकवत आणि महिन्याभरानं एका मोठ्या चौकटीत सगळ्यांचे लंबगोल फोटो ओळीनं लागून येत. प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. अशा चौकटींनी जिन्याच्या भिंती पार छतापर्यंत भरल्या होत्या.

यंदा मात्र सगळे भाऊ एकत्र राहत त्या घराचा जीव त्या चौकटीवर टांगलेला होता. मुख्यालयाचं पत्र आलं होतं: वीस भाऊ भरले नाहीत, तर शाखेची सनद परत घेऊ आणि घराला कुलूप लावू. भाऊ होते एकोणीस. विसाव्यासाठी अध्यक्ष थॅड ब्रेकीनं आकाशपाताळ एक केलं, अंगणात तीन संध्याकाळ सॉसेज भाजले. पोरं आली, पोटभर खाल्लं, हात पुसले आणि समोरच्या मंडळात जाऊन नाव घातलं.

फोटोच्या दिवशी नावांवर खुणा करायची यादी एमेट लिंडालच्या हाती दिली गेली, आणि पुढचं सगळं रामायण इथंच सुरू झालं.

एमेट शाखेचा वृत्तसचिव. जुन्या भावांना जाणारं ‘शाखावृत्त’ तो लिहायचा. कॉलेजनं शिक्षा म्हणून तिघांकडून तळ्याकाठी तीन रोपं लावून घेतली होती. एमेटनं ती बातमी अशी लिहिली, की वाचणाऱ्याला सावली लागावी. एरवी तो तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत खिडकीशी बसलेला असे. बाहेर एक थोराड मेपल होता. त्याच्याकडे बघता बघता सकाळची दुपार व्हायची आणि एमेटला वाटायचं, आत्ताच तर बसलो. आईबापांनी शेत विकून ॲरिझोनात दीड खोलीचं घर घेतलं होतं, त्यामुळे परत जावं असं ठिकाण त्याला उरलं नव्हतं. हेच घर. त्याचा या घरावर फार जीव होता.

तर, दिवाणखान्यात ऊन तिरपं पडलं होतं, कोट एका अंगातून दुसऱ्या अंगात जात होता आणि एमेट खिडकीपाशी उभा राहून खुणा करत होता. तेवढ्यात तळघरातून ऑरव्हिल स्टेन्सरुड वर आले. वय बासष्ट. थंडीत घरं गरम ठेवणाऱ्या हॅल्वरटनमधल्या निम्म्या बॉयलरांची नाडी त्यांना ठाऊक. त्यांना फक्त बॉयलर तपासल्याच्या कागदावर सही हवी होती. पण फोटोवाल्याचं हे दिवसातलं चौथं घर होतं आणि तो तोंडाकडे बघायचं केव्हाच सोडून बसला होता.

“पुढचा! चला, कोट घाला.”

ऑरव्हिल आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते. त्यांनी कोट घातला.

“हनुवटी वर. नाव?”

“ऑरव्हिल स्टेन्सरुड.”

“इथं काय बघता तुम्ही?”

“बॉयलर.”

फोटोवाल्यानं लिहून घेतलं. या वेळी एमेट काय करत होता? मेपलचं एक पान फांदीवरून सुटलं होतं, पण खाली यायला तयार नव्हतं. ते कुठं टेकतं, हे बघणं त्याला फार महत्त्वाचं वाटत होतं. त्यानं न बघताच एक खूण केली. शेवटी खुणा मोजल्या तर वीस! कोण, कुठला, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. आनंदानं त्याचे डोळे भरून आले. त्याच दुपारी त्यानं ‘शाखावृत्त’ लिहिलं, ‘आमच्या अंगणात विसावं झाड उगवलं आहे’ असा मथळा दिला आणि अंक मुख्यालयासकट सगळ्यांना पाठवून दिला. थॅडला सांगायचं राहिलं.

ऑक्टोबरात चौकट आली. थॅडनं कागद फाडला आणि बराच वेळ बघत राहिला.

“हे कोण? ‘ऑरव्हिल स्टेन्सरुड, बॉयलर’?”

“अरे, हे आपले बॉयलरवाले काका!” मागून गस हाउगेन ओरडला. गस खजिनदार होता आणि त्याला सगळ्याचंच हसू येत असे. “फोटोवाल्यानं सुरकुत्या पुसल्यात बघ. पंचेचाळिशीचे दिसतायत. तुझ्यापेक्षा बरे आलेत, थॅड.”

“एमेट! तू डोळे उघडे ठेवून झोपतोस का रे?”

“मला वाटलं, नवा कुणीतरी असेल.”

“बासष्ट वर्षांचा नवा?”

“चेहरा नाही पाहिला मी,” एमेट खरं तेच बोलला. “पान बघत होतो.”

थॅड त्या पानाचा उद्धार करणार, तेवढ्यात टपालातून मुख्यालयाचं पत्र निघालं. विसाव्या भावाबद्दल हार्दिक अभिनंदन. येत्या शनिवारी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, आमचे प्रतिनिधी श्रीयुत प्रेंटिस व्हॅन्डरमोलेन ‘पुनरुत्थान ढाल’ घेऊन येत आहेत. ते वीसही भावांना भेटतील आणि नावं कॉलेजच्या पटाशी पडताळून पाहतील.

“झालं!” थॅड मटकन खाली बसला. “आता कमी भरलो म्हणून नाही, खोटं बोललो म्हणून कुलूप लागणार.”

या घराला आपल्यामुळे कुलूप लागणार, हा विचार एमेटला सहन होईना. त्यानं कपाटातून मंडळाची जुनी नियमावली काढली आणि पानं उलटायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तासभर एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन होता.

“हे बघ. भाऊ सच्छील असावा. कॉलेजात निदान एका विषयाला त्याचं नाव असावं. नव्या भावानं पहिलं सत्र घरातच राहावं. वयाचं काहीच लिहिलेलं नाही.”

“लिहायची गरजच कुणाला वाटली नसेल,” गस म्हणाला.

“गावातल्या साठीवरच्यांना कॉलेजात एका विषयाला केव्हाही बसता येतं,” एमेट म्हणाला. “थॅड, तो फोटो खोटा आहे खरा. पण शनिवारपर्यंत तो खरा करता येईल.”

तिघं तळघरात गेले. ऑरव्हिल बॉयलरसमोर उलट्या बादलीवर बसून नळ्यांची कुरकुर ऐकत होते. थॅडनं घसा खाकरून सगळी हकिकत सांगितली. ऑरव्हिलनी आधी एका नळीचा नळ घट्ट केला.

“म्हणजे कॉलेजात जायचं,” मग ते म्हणाले.

“एकच विषय, काका. कुठलाही घ्या.”

“तारे आहेत का?”

“काय?”

“ताऱ्यांचा विषय. चाळीस वर्षं मी तळघरांतून हिंडतोय. वरचं कधी नीट बघितलंच नाही.” मग ते जरा लाजले. “एकट्यानं वर्गात बसायचं म्हणजे कसंतरीच वाटेल. वर्लिनला नेलं तर चालेल का? आमचा न्हावी. त्याचीही साठी उलटलीय.”

“दहा न्हावी न्या, काका,” थॅड म्हणाला. “आमचा विषयाशी संबंध नाही. तुम्ही फक्त भाऊ व्हा.”

“ते आर्डिसला विचारावं लागेल.”

आर्डिस म्हणजे त्यांच्या घरच्या बाईसाहेब. एमेटनं फोन लावला. त्यानं तिला सगळं सांगितलं.

“घरात राहायचं म्हणजे, झोपायलासुद्धा?” तिनं विचारलं.

“हो काकू. नाताळापर्यंत. नियमच आहे तसा.”

“घोरतात ते. सांगून ठेवते. मागाहून तक्रार चालायची नाही.”

“नाही करणार.”

“मग उद्या नको,” आर्डिस म्हणाली. “आजच न्या.”

तो आठवडा घराला स्वप्नासारखा गेला. ऑरव्हिल आपली छोटी बॅग घेऊन आले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या पलंगावर झोपले. नव्या भावानं पायऱ्या झाडायच्या असतात, पण ते सांगायची थॅडला लाज वाटत होती.

“काका, म्हणजे भाऊ... ते झाडायचं असतं, पण तुम्ही राहू द्या.”

“झाडलं की पहाटेच,” ऑरव्हिल म्हणाले. “तिसरी पायरी हलत होती, तीही ठोकली.”

पाच दिवसांत घरातली दारं लागायला लागली, नळ गळायचे थांबले आणि अकरा वर्षं बंद असलेलं घड्याळ सुरू झालं. सकाळी दहाला ऑरव्हिल आणि वर्लिन डबे घेऊन वर्गाला जात. परत आल्यावर ऑरव्हिल जेवणाच्या टेबलावर मिठाचं भांडं सूर्य म्हणून ठेवत आणि सगळ्यांना त्याच्याभोवती फिरणाऱ्या वाटाण्याच्या पृथ्वीची गंमत समजावून सांगत. पोरं चक्क ऐकत. गसनं तर स्वतःच्या अभ्यासाची पुस्तकं कुठं आहेत, याची चौकशी केली. शुक्रवारी दुपारी मेणबत्त्या लावून, पडदे ओढून ऑरव्हिलना शपथ दिली गेली. शपथेचा एकेक शब्द ते सावकाश, तोलून म्हणाले आणि थॅडला आपण इतकी वर्षं ते शब्द किती भराभर उरकत होतो, ते आठवून वाईट वाटलं.

शनिवारी व्हॅन्डरमोलेन आले. उंच, किडकिडीत, ढाल बगलेत आणि हातात कॉलेजचा ताजा पट. अंगणात जुने भाऊ जमले होते. आर्डिस दोन मोठी भांडी भरून कीमा-बटाट्याचं हॉटडिश घेऊन आली होती. वीसही भाऊ ओळीत उभे राहिले.

व्हॅन्डरमोलेन ऑरव्हिलसमोर थांबले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं.

“विषय?”

“तारे, साहेब.”

“हूं. पटावर नाव आहे. नियमात वय नाही.” त्यांनी खूण केली. एमेटला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर उचलले गेलोय. घर वाचलं. त्यानं मनातल्या मनात पुढच्या ‘शाखावृत्ता’ची पहिली ओळ लिहायला घेतली. पानगळीपासून सुरुवात करावी, की...

“लिंडाल, एमेट!”

“अं? हजर!”

“तुमचं नाव पटावर नाही.”

“कुठल्या?”

“कॉलेजच्या. तुम्ही या सत्राला नावच घातलेलं नाही, तरुण माणसा.”

एमेटला हळूहळू आठवलं. ऑगस्टमधली नावं घालायची सकाळ. खिडकी. मेपलवर खारीचं घरटं. खार काड्या आणत होती आणि आपण म्हणालो होतो, एवढी एक काडी बसवू दे, मग जाऊ.

“दोन महिने तू वर्गात जातोयस ना रे!” थॅड जवळजवळ रडकुंडीला आला.

“रोज जातो.”

“हजेरीत नाव येत नाही, हे कळलं नाही तुला?”

“हजेरी घेतात?” एमेटनं विचारलं.

व्हॅन्डरमोलेननी पेन मिटलं. “एकोणीस. मला वाईट वाटतं. आजच्या तारखेला वीस हवेत.”

एमेटनं मान खाली घातली. जुन्या भावांतल्या एकानं टोपी काढली, जणू कुणी गेलंय. तेव्हा ओळीच्या टोकावरून ऑरव्हिल म्हणाले, “साहेब, वर्लिन बाहेर गाडीत बसलाय. मॅच ऐकतोय. त्याचं नावही पटावर आहे.”

वर्लिनला आणायला गस धावला. वर्लिन म्हणाला, पाच मिनिटं थांबा, आपण हरतोय. गस म्हणाला, आम्हीही. तसा तो आला. सच्छील आहे का, या प्रश्नावर अंगणातल्या निम्म्या जुन्या भावांनी हात वर केले, कारण लहानपणी त्यांचे केस वर्लिननंच कापले होते. शपथ द्यायला व्हॅन्डरमोलेन होतेच. दहा मिनिटांत वर्लिन भाऊ झाला, ढाल थॅडच्या हातात आली आणि मेळाव्यानं असा जल्लोष केला, की समोरच्या मंडळातली पोरं सज्जात आली.

“पण लिंडाल,” व्हॅन्डरमोलेन जाता जाता म्हणाले, “विद्यार्थी नाही, तो भाऊ नाही आणि भाऊ नाही, त्यानं घरात राहायचं नाही. जानेवारीत नाव घाला आणि परत या. विसरू मात्र नका.”

थॅडनं एमेटचा खांदा दाबला. “घर तूच वाचवलंस रे,” तो म्हणाला. वर गेल्यावर दोघांनी मिळून पेटी भरली. वर्लिन आपली नवी खोली बघायला आला, खिडकीतून बाहेर डोकावला आणि म्हणाला, “वा, झाड छान आहे.” एमेटला रडू येईल असं वाटलं, पण त्या साध्या माणसाचा राग मात्र येईना.

पेटी घेऊन तो मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला. आत बासष्ट आणि सासष्ट वर्षांचे नवे भाऊ मंडळाचं गाणं शिकत होते. आर्डिस रिकामी भांडी धरून बाहेर आली.

“तू रे कोण? फोनवर बोललास तो?”

“हो काकू.”

“आणि आता कुठं निघालास?”

“ठरवलं नाही. आत्ता मी कुणीच नाही.”

आर्डिसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माझ्याकडे एक खोली रिकामी झालीय. आठवडाभर इतकी शांत झोप लागतेय, की माझी मलाच लाज वाटते. पण ह्यांचे दहाचे तास सुरू झाले, आणि गावातल्या सदतीस बॉयलरांकडे बघायला कुणी नाही. थंडी तोंडावर आलीय. तुला बॉयलरमधलं काय कळतं?”

“काहीच नाही.”

“ह्यांनाही कळत नव्हतं. समोर बसून तासन्‌तास नुसतं बघायचं, मग कधीतरी तो आपणहून सांगतो काय दुखतंय ते. घाई असणाऱ्याला नाही जमत.” तिनं एक भांडं त्याच्या हातात दिलं. “काही न करता नुसतं बघत बसता येतं का तुला?”

एमेटनं थोडा विचार केला. इतकी वर्षं हा प्रश्न त्याला लोकांनी रागावूनच विचारला होता.

“ते येतं, काकू,” तो म्हणाला आणि पेटी उचलून तिच्या मागोमाग निघाला.