देवरे काकांचे हायवे पेग

देवरे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आग्र्याला चालले होते. पाय पुढे ताणून रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांवर टेकवलेले, हात हवेत हँडल धरल्यासारखे, डोळे मिटलेले. मी नुकतीच राहायला आले होते. दुधाची पिशवी सांभाळत बाजूने हळूच निघाले, तर डोळे न उघडताच म्हणाले, "मॅडम, तेवढा डावा डबा बोटभर पुढं सरकवा. धुळं सोडल्यापासून गुडघा कुरकुरतोय."

मी सरकवला.

"बेस शे," काका म्हणाले आणि पुढे निघून गेले. म्हणजे खुर्चीतच.

काका मूळचे सटाण्याचे; 'बेस शे' म्हणजे त्यांच्या अहिराणीत 'छान आहे'. नोकरी इथेच नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात झाली. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जाड टाकीची, धडधडणारी मोटरसायकल घेतली. ती का घेतली, हे सगळ्या सोसायटीला पाठ होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आग्रा रोड. "सगळा जन्म 'आग्रा रोडला उतरतो', 'आग्रा रोडला भेटतो' म्हणण्यात गेला," काका म्हणायचे. "आग्रा कुठं आहे ते एकदा बघून तर येऊ!"

अडचण पायांची होती. लांबच्या प्रवासात गुडघे तासन्‌तास एकाच जागी मुडपून राहतात आणि आखडतात. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या लेगगार्डवर बसवायचे जादा फूटपेग. मोकळा रस्ता लागला की पाय उचलून पुढे ताणायचे आणि त्यावर टाकायचे. तरुण पोरं दुकानात जातात, दिसेल ती जोडी बसवून घेतात आणि लडाखला पोचतात. काका दोन वर्षं पार्किंगमध्येच होते.

रबराचे पेग आणले, ते पावसात निसटतील म्हणून परत गेले. नुसत्या लोखंडाचे आणले, तर इंजिनाची थरथर तळपायातून थेट दाढेपर्यंत चढते म्हणाले. घडीचे खुळखुळत होते. एक जोडी सगळ्या बाबतीत उत्तम निघाली, पण तिच्यावरून पाय ब्रेकवर यायला वेळ लागायचा. "तेवढ्यात म्हैस आडवी आली म्हणजे?" म्हैस काल्पनिक होती, पण जोडी परत गेली. द्वारका चौकाजवळचा दुकानदार तर काका दिसले की विचारायचा, "काका, आज घ्यायचेत का परत करायचेत?"

"आज नुसते बघायचेत," काका शांतपणे सांगायचे.

शिवाय आपल्या एकट्याच्या पायाचं मत घेऊन चालत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यामुळे आमचा वॉचमन, गॅस सिलिंडर आणणारा माणूस, वर्गणी मागायला आलेले मंडळाचे कार्यकर्ते, सगळे त्या मोटरसायकलवर बसून पाय ताणून गेले. एकदा मी पालकसभेसाठी शाळेत निघाले होते, अंगावर चांगली साडी. मला बाजूच्या कट्ट्यावर बसवून, पाय पेगला लावून काकांनी विचारलं, "आता इंदूर आलंय असं समजा. तळपाय काय म्हणतोय?"

"तळपाय म्हणतोय, उशीर होतोय."

"घाई नको, मॅडम." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "घाई केली की पाय बरोबर सांगत नाही."

या सगळ्या खटाटोपात त्यांना एकच कायमचा जोडीदार होता, गांगुर्डे. दोघं एकाच कारखान्यातले. कित्येक वर्षं काकांच्या स्कूटरवरून अंबडला जायचे. काका पुढे, गांगुर्डे दोघांचे डबे मांडीवर घेऊन मागे. आग्र्याचा बेत त्या स्कूटरवरच ठरलेला. दर रविवारी सकाळी गांगुर्डे आपल्या गाडीवरून यायचे. अंगात जर्किन, पायात नाडीचे बूट, कॅरिअरला बांधलेली बॅग. गेटमधूनच ओरडायचे, "काय देवरे, निघायचं का?"

"पेगचं नक्की होऊ दे."

"होऊ दे."

मग जर्किन काढून दोघं गाडीजवळ बसायचे. नट सैल करायचे, पेग वर घ्यायचे, खाली घ्यायचे, भांडायचे. "तुझे पाय लय लांब हायेत, त्याला गाडी काय करील?" गांगुर्डेंचा आवाज तिसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात यायचा. कोपऱ्यावरून पोहे यायचे. दुपारी गांगुर्डे पुन्हा जर्किन घालून, बांधलेली बॅग तशीच घेऊन घरी जायचे. आम्ही हसायचो. माझा नवरा तर म्हणायचा, हे दोघं जितक्या वेळा निघाले, तेवढ्यात आग्र्याहून कितीदा तरी परत आले असते.

गेल्या पावसाळ्यात गांगुर्डे यायचे बंद झाले. शुगर होतीच. नवा बूट चावला, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि जखम चिघळली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली.

त्या रविवारी काका पार्किंगमध्ये मोटरसायकलशेजारी नुसते उभे होते. पोहे आणलेले होते, पुडा सोडलेला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "काका, मागेच निघाला असतात तर बरं झालं असतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पेग पहिल्या महिन्यातच जमले होते, मॅडम."

"मग?"

"निघालो असतो, तर परत आलो असतो ना. आग्रा बघून झालं असतं. मग दर रविवारी तो कशाला आला असता?" फडक्याने ते टाकी पुसायला लागले. टाकी स्वच्छच होती. "मला वाटलं, हे असंच चालेल. त्याचे पाय माझ्यासाठी थांबून राहणार नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी वर निघून आले.

पुढच्या आठवड्यात मात्र काका फॅब्रिकेटरकडे गेले आणि एका दिवसात काम करून आणलं. ना माप, ना मत. पुढे काहीच बसवलं नव्हतं. मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी रुंद पत्र्याचे पायठाण, कडेला बोटभर उंच काठ आणि वर जाड मऊ रबर. हे सगळं गांगुर्डेंसाठी. गांगुर्डे वहिनींनी आधी साफ नाही म्हटलं. मग दिवाळीनंतर, जखम पुरती भरल्यावर, दोन अटींवर हो म्हणाल्या: फक्त चांदवडपर्यंत, आणि मागून कोणाची तरी गाडी पाहिजे. ती गाडी माझी.

आम्ही थंडीच्या सकाळी निघालो. काका इतके हळू चालवत होते की कांद्याचे ट्रॅक्टर त्यांना ओलांडून जात होते. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. मधूनमधून काका गाडी कडेला घ्यायचे, मान मागे वळवून काहीतरी विचारायचे आणि पुन्हा निघायचे. काच खाली केल्यावर एकदा मला ऐकू आलं.

"पायाला कसं वाटतंय?"

"लय आराम. गादीवर बसल्यासारखं."

चांदवडच्या डोंगराखाली एका टपरीवर थांबलो. काका चहा आणायला गेले. गांगुर्डे बाकावर बसून डोंगराकडे बघत होते, चेहरा अगदी खुलला होता. मी म्हटलं, "पायठाण छान जमलेत ना?"

त्यांनी काकांच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मला घोट्याखाली काहीच कळत नाही. डॉक्टरनं टाचणी टोचली तरी कळली नाही. रबर हाय का दगड हाय, मला सारखंच. पण त्याला सांगू नका. लय हौसेनं करून आणलंय त्यानं."

चहा झाला. गांगुर्डे म्हणाले, "देवरे, आग्रा किती राहिलं?" काका म्हणाले, "राहिलं थोडं." दोघंही हसले आणि गाडी नाशिककडे वळली.

पिंपळगावच्या अलीकडे काकांनी पुन्हा गाडी कडेला घेतली. मीही मागे थांबले. गांगुर्डेंचा उजवा पाय पायठाणावरून निसटून खाली लोंबत होता. ते आपले निवांत उजवीकडच्या द्राक्षाच्या बागांकडे बघत होते. त्यांना पत्ताच नव्हता. काकांनी स्टँड लावला, उतरले, उकिडवे बसले. दोन्ही हातांनी तो पाय बुटासकट उचलला, पायठाणावर नीट ठेवला, सुटलेली नाडी बांधली.

मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"एकदम आराम," गांगुर्डे म्हणाले.

"बेस शे," काका म्हणाले. पण उठले नाहीत. हात त्या बुटावर तसाच ठेवून बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून राहिले.