नांगीविषयीचा निर्णय

सृष्टी शब्दातून झाली हे एकदा मान्य केले, की पुढे उरणारे सगळे प्रश्न मसुद्याचे असतात. प्ताहदेवाने हृदयात योजिले, जिभेने उच्चारले, आणि नदी, गहू, पाणघोडे व कालव्यांवरचे अंमलदार आपापल्या जागी हजर झाले. उच्चारलेली सृष्टी नीट लिहून ठेवली आहे की नाही, यावर लक्ष ठेवणे एवढेच मेन्नेफेरच्या मंदिरातील जीवनगृहाचे काम. (नदी दर वर्षी आपोआप वाढते, असा एक अडाणी समज शेतकऱ्यांत आहे. तो खोडून काढण्याची वेळ जीवनगृहावर आली नाही, कारण खंडन लिहून होईपर्यंत नदी वाढलेलीच असते.)

या गृहाचे द्वितीय वाचक-पुरोहित हारखेबी हे अठ्ठावीस वर्षे सेवेत होते. ते क्रूर नव्हते, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. क्रूर माणसाच्या हातून इतके सुसंगत काम होत नाही. अंगावर केस नाही, वस्त्रावर सुरकुती नाही, वाक्यात अध्याहृत काही नाही, अशी त्यांची ख्याती होती. रोज सकाळी ते पायताणे उलटी करून उंबऱ्यावर दोनदा झटकीत आणि मगच पायांत घालीत. ही सवय होती, सिद्धान्त नव्हता.

त्यांचे नाव झाले ते विंचवामुळे. निर्मितीची यादी तपासताना अकरा वर्षांपूर्वी त्यांना आढळले, की विंचू कोणत्याच देवाच्या नावावर नीटसा चढलेला नाही. सर्व काही प्ताहने उच्चारले, तर विंचूही त्यानेच उच्चारला असे म्हणावे लागते. आणि देवाच्या तोंडात विंचू ही कल्पना हारखेबींना सहन होण्यासारखी नव्हती. तेव्हा त्यांनी सृष्टी निर्माण केल्याचा दावा करणाऱ्या इतर मंदिरांना नम्र पत्रे धाडली आणि विंचू आपण स्वीकारावा, अशी विनंती केली.

इऊनूहून उत्तर आले: "आमच्या अतूमने आदिटेकडीवर एकट्याने उभे राहून थुंकीतून वारा आणि दव निर्माण केले. पुढचा तपशील मुलानातवंडांनी पाहिला. विंचवाबाबत घराण्यात चौकशी केली. कोणाला काही आठवत नाही."

ख्मूनच्या मंदिराने कळवले, की त्यांचे आठही देव त्या वेळी अंधारात आणि पाण्यात होते, सबब त्यांना काही दिसले नाही. चौघे बेडकाच्या तोंडाचे, चौघी सापाच्या. विंचवाला पोहता येत नाही, ही गोष्ट सविनय ध्यानात आणून देण्यात येत आहे.

दक्षिणेहून ख्नूमच्या पुजाऱ्यांनी लिहिले, की त्यांचा देव कुंभाराच्या चाकावर काम करतो आणि चाकावरून उतरलेल्या वस्तूला सांधे नसतात. (माणसाला सांधे आहेत आणि तो आपण घडवल्याचे आपणच सांगता, असे हारखेबींनी पुढच्या नावेने विचारले. माणूस हा अपवाद असून त्याबद्दल देवाने वेळोवेळी खेद व्यक्त केला आहे, असे उत्तर आले.)

राहता राहिला हेका. हा जादूचा देव सर्व निर्मितीच्याही आधीचा. त्याच्या बळावाचून प्ताहची जीभसुद्धा हलत नाही असे म्हणतात. पण त्याचे म्हणावे असे मोठे मंदिर नसल्याने पत्र कोठे पाठवावे हे ठरेना. त्याचे मौन ही संमती समजण्यात आली.

यावरून निष्कर्ष सरळ होता. विंचू कोणीही निर्माण केलेला नाही. जे निर्माण झाले नाही ते नसते. तथापि विंचू दिसतो, अशी वस्तुस्थितीही अधूनमधून समोर येत असल्याने हारखेबींनी उदारपणे मध्यम मार्ग काढला. विंचवाचे शरीर भुंग्याच्या दूरच्या नात्यातले म्हणून मान्य करावे. नांगी मात्र मान्य करू नये. यात नवे काही नव्हते. थडग्यांच्या भिंतींवर लिहिलेला साप उठून मृताला चावू नये म्हणून अक्षरातच त्याची मान कापण्याची रीत पूर्वापार आहे. सिंहसुद्धा दोन तुकड्यांत लिहितात. मेलेल्यांना मिळणारे हे संरक्षण जिवंतांनाही मिळावे, एवढीच त्यांची तळमळ. त्या वर्षापासून मंदिराच्या हद्दीत प्रत्येक पोथीत, प्रत्येक दगडावर विंचू बिननांगीचा झाला.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा होता. निर्णयाआधीच्या वर्षी आवारात दंशाच्या त्रेसष्ट तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. निर्णयानंतरच्या वर्षी एकही नाही, आणि अशी अकरा वर्षे गेली. कारण तक्रार लिहिताना विंचू बिननांगीचा काढावा लागे आणि नांगी नसलेल्या प्राण्याने डंख मारल्याची तक्रार दाखल करून घेता येत नसे.

फाटकाबाहेर चिंचोळ्या सावलीत नेहेम नावाचा एक म्हातारा बसे. सर्केतदेवीचा विंचूवाला, म्हणजे तिच्या नावाने विंचवाचे विष उतरवणारा. पुढ्यात एक पातळ सुरी, सुताची दोरी, कांदे आणि खारी माती. त्याला निर्णय वाचून दाखवण्यात आला तेव्हा तो म्हणाला, "नांगी नाही म्हणता ना महाराज? मग घाला बघू हात त्या खडीच्या ढिगात. मी इथंच आहे. कांदा सोलून ठेवतो."

हारखेबींनी हात घातला नाही. आपल्या ज्ञानाचे प्रदर्शन करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

मग जुना उपचारशिळेचा दगड बदलायचे ठरले. ही शिळा आतल्या चौकात उभी असते: बाळ होरस मगरींच्या पाठीवर उभा, एका मुठीत साप, दुसऱ्या मुठीत नांगीने लोंबकळत धरलेला विंचू, आणि आजूबाजूला मंत्रच मंत्र. वरून पाणी ओतायचे, ते अक्षरांवरून उतरून खालच्या कुंडात येते, ते दंश झालेल्याने प्यायचे. हे काम पामी नावाच्या पाथरवटाकडे आले. पामीचा हात चांगला होता आणि श्रद्धा हाताहून चांगली.

"महाराज, एक विचारू?" तो म्हणाला. "नांगी नाही, तर पोरानं विंचू धरायचा कुठं?"

"देव आहे तो, पामी. त्याला धरायला जागा लागत नाही."

"मग विंचू मुठीबाहेर, बाजूला कोरतो. अन् मूठ? उघडी ठेवू?"

"बंद ठेव."

"रिकामी?"

"रिकामी कशी? तीत आपला निर्णय आहे."

पामीने मान डोलावली आणि ती मूठ इतकी सुरेख कोरली, की तीत काहीच नाही हे कोणाच्या लक्षातही येऊ नये.

कापणीच्या महिन्यात, ऊन नुकते चढत असताना, पामीची आठ वर्षांची मुलगी तामीत बापाची भाकरी घेऊन चौकात आली आणि दगडाच्या कपच्यांच्या ढिगावर बसली. तिने एकदाच किंकाळी फोडली. डावी टाच लाल झाली होती. पामी तिला उचलून शिळेकडे धावला. त्याची बायको इरेत फाटकाकडे धावली आणि नेहेमला हाताला धरून ओढत घेऊन आली.

"अहो, आधी यांना बघू द्या!" ती ओरडली.

"पोरीला इकडं द्या," नेहेम म्हणाला. "चीर देऊन रक्त काढतो, वर दोरी बांधतो. पण आत्ता. दुपारी नाही."

हारखेबी तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "चीर द्यायची तर आत काहीतरी शिरले आहे, हे मान्य करावे लागेल. या आवारात ते मान्य करता येत नाही. आवाराबाहेर नेऊन काय करायचे ते करा; मी कोणाला अडवीत नाही. निवड बापाची."

पामीने मुलीकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि मग आपण कोरलेल्या दगडाकडे. दगड त्याने सात महिने कोरला होता.

"पाणी ओता, महाराज," तो म्हणाला.

एकदा पाणी ओतले, की रुग्ण रुग्ण राहत नाही, होरस होतो. आणि देवाला कांदा चोळता येत नाही. नेहेमला नम्रपणे फाटकाबाहेर पोचवण्यात आले.

विधीप्रमाणे होरसची आई म्हणून आयसिस उपस्थित असावी लागते. "म्हणा, मी आयसिस," हारखेबींनी सांगितले.

"मी इरेत आहे हो. यांची बायको. ही माझी तामीत."

"बाई, तामीतला काही झाले असेल तर आमच्याकडे इलाज नाही. होरसला झाले असेल तर आहे."

"मी आयसिस," इरेत म्हणाली. "मी आयसिस, तुम्ही म्हणाल ती मी. पाणी द्या तिला."

पाणी दिले. हारखेबींनी पहिले पठण केले. उच्चार निर्दोष होते. मंदिरात अशी जीभ दुसरी नव्हती. विषाला सात नावांनी हाका मारून बाहेर येण्याचा हुकूम झाला. विष आले नाही.

"बाबा, पाय माझा नाहीच असं वाटतंय," तामीत म्हणाली. तिच्या ओठांवर फेस दिसू लागला होता.

दुसरे पठण झाले. पामी एकटक शिळेकडे पाहत होता. वरून आलेले पाणी विंचवाच्या पाठीपर्यंत नीट उतरत होते आणि नांगी असायला हवी होती तिथून, गुळगुळीत दगडावरून, सरळ घरंगळत होते.

"त्याला धरायला काही नाहीये," तो म्हणाला. "महाराज, तुमच्या शब्दाला धरायला काहीच नाहीये तिथं! मीच नाही ठेवलं!"

त्याने छिन्नी उचलली.

"पामी," हारखेबी म्हणाले, "तो दगड मंजूर झालेला आहे."

पामीने ऐकले नाही. काही थोड्या घावांत त्याने नांगी कोरली: पाच पेरे, वर वळलेली, टोकाला काटा. त्यावरून पाणी ओतले, ओंजळीत धरले, मुलीच्या तोंडाला लावले. तिने त्यातले थोडे घेतले. फाटकाची सावली चौकात आखूड व्हायच्या आत तामीत मेली.

चौकशी तीन दिवस चालली आणि तिच्यात कोठेही घाई झाली नाही. अहवाल हारखेबींनी स्वतः लिहिला. त्यातील युक्तिवाद आजही जीवनगृहात नव्या लेखकांना नमुना म्हणून देतात. सकाळी आवारात एकही नांगी नव्हती. हे अकरा वर्षांच्या नोंदींवरून सिद्ध आहे. दुपारपूर्वी एक नांगी होती, ती पाथरवट पामी याने साक्षीदारांसमक्ष निर्माण केली. तिच्यावरून उतरलेले पाणी मुलगी प्याली. त्यानंतर मुलगी मृत झाली. या चार वाक्यांत कोणाला फट सापडली तर त्याने पुढे यावे, असे आवाहन करण्यात आले.

इरेत पुढे आली. "मग सकाळी तिच्या टाचेत शिरलं ते काय होतं?"

"सकाळी काहीच नव्हते, बाई," हारखेबी अत्यंत मायेने म्हणाले. "म्हणून तर सकाळी ती जिवंत होती."

पामीने मान डोलावली, कारण युक्तिवाद त्याला पटला. आणि तो मरेपर्यंत त्याला पटलेला राहिला. विनापरवाना निर्मितीला फार कठोर शिक्षा आहे, पण हारखेबींनी रदबदली केली. फक्त छिन्नी काढून घेण्यात आली. शिळेवरची नांगी दुसऱ्या पाथरवटाकडून तासून टाकली. अहवाल लिहिताना एका ठिकाणी, निष्कर्षासाठी आवश्यक म्हणून, हारखेबींना पूर्ण विंचू काढावा लागला. तो त्यांनी काढला, त्याच्या नांगीवर लगेच तांबड्या शाईची सुरी ओढली, आणि हात बराच वेळ धूत बसले.

पुढल्या महिन्यात ते प्रथम वाचक-पुरोहित झाले. नेहेमच्या बसण्याने रहदारीला अडथळा होतो असे आढळल्याने त्याला फाटकापासून उठवण्यात आले. पदभार घेण्याच्या सकाळी हारखेबींनी उंबऱ्यावर पायताणे झटकली, तेव्हा डाव्यातून काहीतरी पिवळसर खाली पडले आणि शेपूट वर करून उभे राहिले. त्यांनी ते अभ्यासकाच्या बारकाईने पाहिले, दाराच्या आगळीने ठेचले आणि टिपणात 'एक भुंगा' असे लिहिले.

तामीतसाठी गावाच्या पश्चिमेला एक लहानसा दगड बसवण्यात आला. दगड आणि मजकूर दोन्ही जीवनगृहातर्फे. मजकूर नेहमीचाच आहे: "पृथ्वीवर जिवंत असलेल्या, या दगडाजवळून जाणाऱ्या लोकांनो, तामीतसाठी हजार भाकरी आणि हजार घागरी बिअर एवढे शब्द म्हणा. तोंडाच्या वाफेशिवाय यात तुमचे काहीही जात नाही." (आठ वर्षांच्या मुलीने हजार घागरींचे काय करायचे, हा प्रश्न गैरलागू आहे, मसुदा सर्वांसाठी एकच असतो.)

वाचकहो, ते शब्द आपण आत्ताच वाचलेत. नियमाप्रमाणे हजार भाकरी पोचल्या. वाचताना आपला गळा किंचित दाटून आला असेल, तर संकोच नको. हारखेबींचाही आला होता, अहवालात तसा उल्लेख योग्य जागी आहे. आपले कर्तव्य पूर्ण झाले आहे आणि त्यात आपले काहीही गेलेले नाही.

आता उठायला हरकत नाही. उंबऱ्यावर पायताणे तेवढी झटकून घाला.

(ही केवळ सवय आहे.)