विसर्जनाच्या टाकीतला जिताडा

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळ. स्थळ: बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचं मागचं आवार. हजर: मी, म्हणजे सेक्रेटरी, खजिनदार शहाभाई, वॉचमन यादव, तळमजल्यावरचे परबकाका, आणि विसर्जनाच्या टाकीत एक जिताडा.

जिताडा हा खाडीतला मासा. खाणारे त्याचं नाव काढताना आवाज खाली आणतात. हा तर माझ्या पायाएवढा लांब होता, आणि आम्ही चौघं वाद घालत असताना तळाशी निवांत पडून होता.

चूक माझ्याच यादीत होती. गणपतीच्या कामांत मी लिहिलं होतं, ‘टाकी धुणे, पाणी भरून गळती तपासणे: परबकाका.’ काकांनी टाकी धुतली, पाणी भरलं आणि त्याच दिवशी गोराईच्या खाडीवर गळ टाकायला गेले. परतले ते रिक्षातून, निळ्या ड्रमसकट. मी खाली पोहोचेपर्यंत टाकीत पोतंभर खडे मीठ पडलं होतं आणि चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी फिशटँकचं हवेचं यंत्र घरघरत होतं.

“काका, हे काय?”

“बाजारचो न्हय हां! गळाचो!”

हे त्यांचं पालुपद. काकांची भाषा मालवणी, आवाज भोंग्यासारखा, आणि हे वाक्य ते दाराची बेल वाजवायच्या आधी म्हणतात. काकू गेल्यापासून ते एकटेच. धरलेला मासा स्वतःला एक तुकडी ठेवून बाकी बिल्डिंगभर वाटतात. पण देताना गळ माशाच्या ओठात तसाच ठेवतात. पुरावा! नेनेवहिनींनी तो न बघता कालवण केलं आणि नेन्यांच्या ताटात आमटीतून हुक निघाला. काका दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात. चौकशीला नाही, हुक परत मागायला. “पटलं ना आता?” वर हे विचारून आले. मला वाटतं, नेने अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

एकदा त्यांनी कुंडीतली चार वांगी आणून दिली, तीही हेच म्हणत. वांग्याला गळ कसा लावणार, म्हणून देठाला मातीचं ढेकूळ ठेवलं होतं.

तर रविवारची सभा. शहाभाई जैन. ते टाकीपासून लांब उभे होते, नाकावर रुमाल.

“मॅडम, आपल्या बाप्पाला माशाच्या पाण्यात बुडवायचं?”

“समुद्रात काय मासे नसतत?” काका म्हणाले.

शहाभाईंनी रुमाल आणखी घट्ट धरला. माझ्याकडे यादी होती. दीड दिवसाचे पाच गणपती याच टाकीत जायचे होते. त्याआधी टाकी रिकामी, धुतलेली, फुलं लावलेली हवी होती. मी सरळ विचारलं, “खाणार आहात की सोडणार आहात?”

“श्रावण आसा.”

“मग धरला कशाला श्रावणात?”

“खावक बंदी आसा. धरूक नाय.”

“मग सोडा.”

“असो मासो सोडतत?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शहाभाईंनाच खाडीत सोडायला सांगितलं होतं.

यादवने मध्येच वजनाचा विषय काढला. पलीकडच्या भंगारवाल्याचा काटा आणतो म्हणाला. काका उखडले. “वजन बाजारात करतत!”

सभा निर्णयाविना संपली. पुढचे दिवस मी मोजले नाहीत, सोसले. जिताडा मेलेलं खात नाही. त्याला जिवंत कोळंबी लागते, आणि ती काका कोळणीकडून घासाघीस करून आणत. म्हणजे माशाचं खाणं मात्र बाजारचं. हे मी बोलून दाखवलं, तर दोन दिवस नमस्कार बंद. मुलं शाळेच्या बसऐवजी टाकीशी सापडू लागली. मांजरं शेजारच्या सोसायटीतूनही आली. आणि एका संध्याकाळी मी शहाभाईंना टाकीत वाकून बघताना पकडलं, रुमालाशिवाय. “श्वास घेतो का ते बघत होतो,” ते म्हणाले.

अमावास्या झाली. श्रावण संपला. मी खाली उतरले. काका स्टुलावर बसून टाकीत हात घालून पाणी ढवळत होते.

“काका, आता कारण संपलं. सुरी की खाडी?”

“थोडे दिवस थांबा, सेक्रेटरीबाई.”

“कशासाठी? बाप्पा थांबत नाहीत.”

त्यांनी हात बाहेर काढला, लुंगीला पुसला. “एक काम करशात? एक फोन करा. सेक्रेटरी म्हणून. सोसायटीची नोटीस आसा म्हणान सांगा.”

फोन घाटकोपरला करायचा होता, त्यांच्या मोठ्या भावाला. दादांनीच त्यांना लहानपणी गळ टाकायला शिकवलं. पुढे दोघे दर सुट्टीला खाडीवर जात. मग पुतणीचं केळवण आलं. काकांनी मोठी तांबोशी धरली, रात्रभर बर्फात ठेवली आणि नेली. दादांनी मासा हातात घेतला आणि भरल्या पंगतीत म्हणाले, “गार लागता रे! बाजारातसून उचललंस!” सगळे हसले. काका ताटावरून उठले. त्यानंतर खाडीवर ते एकटेच.

बर्फ लागला म्हणून ओठात गळ आला. गळही कुणी बाजारच्या माशाला अडकवू शकतं, म्हणून आता मासाच जिवंत. हा सगळा कारभार एका माणसाला पटवण्यासाठी होता, आणि माझ्या टाकीत चालला होता!

मी तिथेच उभी राहून फोन लावला. सोसायटी, टाकी, मासा, जिवंत आहे, येऊन बघून जा, असं सगळं मुद्देसूद सांगितलं. पलीकडून आधी खोकला आला. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज: “तेका सांगा, आजकाल बाजारात जितो मासोय गावता.”

जिवंत मासाही बाजारात मिळतो, हे मी काकांना कसं सांगू? पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. म्हणाले, “जितो मासोय बाजारात गावता, म्हणालो ना तो?”

मी मान हलवली. वाटलं, आता भोंगा वाजणार. काकांनी हवेच्या यंत्राची नळी सारखी केली. मग हळू विचारलं, “आवाज कसो होतो तेचो?”

“आवाज?”

“खोकत होतो काय?”

“थोडे खोकले.”

“गोळी घेणा नाय तो. आधीपासूनच.”

फोन ठेवताना दादा आणखी एक वाक्य बोलले होते. मला ते किरकोळ वाटलं होतं, ते आता सांगितलं. “विचारत होते, डोक्याचं काय करणार.”

काका स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. “डोका दादाचा असता,” ते म्हणाले. “मोठो मासो गावलो की डोका दादाचा. मी कितीय धरलो तरी.” मग नाक ओढून पाण्यात हात घातला. जिताडा त्यांच्या बोटांखालून सावकाश सरकला. “पण ह्येचा डोका आता कापूचा कसा? हो माका ओळखता.”

म्हणजे मासा खायचा तर दादा हवेत आणि सोडायचा तरी दादांनी आधी बघायला हवा. मी म्हटलं, “मग फोन करून बोलवा त्यांना.”

“तुमीच करा.”

“नाही. माझा झाला. हा तुमचा.”

आज गणपतीच्या आदल्या दिवसाची सकाळ. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, घाटकोपरमार्गे गोराई: दादांना घ्यायचं, मासा दाखवायचा, मग खाडीत सोडायचा. त्याने दोनदा विचारलं, बोरिवलीहून गोराईला घाटकोपरवरून कोण जातं? निळा ड्रम धुतला. हवेचं यंत्र बॅटरीवर चालतं का ते यादवने बघितलं. झेंडूची फुलं शहाभाई आणणार आहेत. टाकी घासायला माणूस दुपारी येईल.

खिडकीतून दिसतंय, काका इस्त्रीचा शर्ट घालून टाकीपाशी उभे आहेत. फोन हातात आहे. मगाचपासून नुसताच हातात आहे. एकदा त्यांनी वर बघितलं आणि ओरडले, “सेक्रेटरीबाई, पयला काय बोलू?”

“खोकला कसा आहे, विचारा.”

यादीतल्या बाकी सगळ्याची सोय झाली. एक ओळ राहिली आहे: ‘दादांना फोन: परबकाका, स्वतः.’