एका नेत्यामागे एक माणूस

शालेय नेतृत्वाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बानूबाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. असं काही घडलेलं नाही. निदान एकनाथ सरांचं तसं म्हणणं आहे, आणि ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायची असल्यामुळे आपणही असं काही घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

एकनाथ सर रिहे खोऱ्याच्या पार टोकाला असलेल्या दोनशिक्षकी शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक होते. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा 'तात्पुरतं सांभाळा' म्हणून किल्ल्या त्यांच्याकडे आल्या, आणि तात्पुरतं सांभाळता सांभाळता सरांचे केस गेले. किल्ल्या राहिल्या, 'प्रभारी'ही राहिला. विद्यापीठाची शालेय नेतृत्वाची पदविका घेतली तर तो शब्द काढण्याचा विचार होईल, असं कार्यालयातून तोंडी कळलं होतं. सरांच्या पत्नीने, म्हणजे उज्वलाताईंनी, विचार होण्याची वाट न बघता पिरंगुटहून पाटी रंगवून आणली. तिच्यावर सरांचं नाव आणि खाली नुसतं 'मुख्याध्यापक'. पाटी कपाटामागे उभी होती. घरात काही बिनसलं की उज्वलाताई फक्त कपाटाकडे बघत.

लेखी परीक्षा सर पास झाले. प्रात्यक्षिक राहिलं. उमेदवाराने कोणतीही आज्ञा न करता, केवळ प्रेरणेने, एका अनुयायाची एक जुनी सवय बदलून दाखवायची होती. विद्यार्थी अनुयायी धरले जाणार नव्हते, कारण ते शाळेत सक्तीने येतात. पत्नी चालणार नव्हती, कारण नियम करणारा माणूस विवाहित असावा. विद्यापीठाचा दुसरा विद्यार्थीही चालणार नव्हता, आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका सुनीती मॅडम त्याच विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. करत होत्या. राहता राहिल्या बानूबाई.

बानूबाई शाळेत खिचडी शिजवत. त्यांचे यजमान सिद्धू भरे गावातल्या कंपनीत कामाला जात, त्यामुळे घरची मेंढरंही दिवसा बानूबाईंच्याच गळ्यात. खिचडी झाली की त्या पातेल्यावर डाव आपटत आणि पोरं ताटल्या घेऊन धावत. व्हरांड्यात चांगली पितळी घंटा टांगलेली होती, पण बानूबाईंनी तिला कधी हात लावला नव्हता. सरांना त्या डावाचा मनस्वी राग. बदलायची सवय आयतीच सापडली.

"बानूबाई, तुम्ही माझ्या अनुयायी व्हाल का?"

"काय करायचं असतंय त्यात?"

"काही नाही. दिवसातून तासभर माझ्याबरोबर राहायचं. मी प्रेरणा देतो."

"द्या की. तुमच्याच घरची हाय."

पहिला दिवस उत्तम गेला. सर घंटेकडे बघत राहिले, बानूबाई सरांकडे. घंटा कुणी वाजवली नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नव्हतं.

घोटाळा झाला तो अर्थशास्त्रामुळे. सुनीती मॅडम मूळच्या लातूरकडच्या. नवरा हिंजवडीत आयटीत, म्हणून इकडे आलेल्या. त्यांना प्रकल्पासाठी असा बाजार हवा होता की जिथे माल विकणारा एकच आहे. त्या वही घेऊन चुलीपाशी बसल्या.

"बानूबाई, तुम्ही नाही म्हणालात तर सरांना दुसरं कोणी मिळेल?"

"हितं? हितं कोण मिळतंय?"

"आणि सरांना किती गरज आहे?"

"लई. परवा झोपेत पाटी, पाटी करत हुते म्हणं. वहिनीच सांगत हुत्या."

"मग तुम्ही हे फुकट का करताय?"

बानूबाई यावर इतका वेळ विचार करत बसल्या की खिचडी खालून लागली.

दुसऱ्या दिवशी त्या कोकरू घेऊन आल्या. त्याला ऊन सोसत नाही, ते ऑफिसात बसेल, म्हणाल्या. कोकरू सरांच्या टेबलाखाली बसलं आणि हजेरीपटाचा कोपरा खाऊ लागलं. त्यानंतर असं ठरलं की बानूबाई प्रेरणा घेत असताना खिचडी सरांनी ढवळावी, कारण दोन्ही कामं एकदम होत नाहीत. सरांनी ढवळली. हे सगळं तर्काला धरून होतं, त्यामुळे नाही म्हणायला जागा सापडेना.

"मॅडम, हे तुमच्यामुळे चाललंय," सर एकदा हातातला डाव झटकत म्हणाले.

"माझ्यामुळे नाही सर, मागणीमुळे," सुनीती मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गरज दाखवताय. बाजारात चेहरा कोरा ठेवायचा असतो."

सरांनी चेहरा कोरा ठेवला. बानूबाईंनी त्याकडे नीट पाहिलं आणि शेवटची अट घातली.

"गुर्जी, तासभर मी तुमच्यामागं फिरायचं. मग माझ्या मेंढरांमागं कोण फिरणार?"

सरांनी पाटीचा विचार केला आणि काठी उचलली.

पंधरवड्यात सर तयार झाले. जिभेने टकटक करणं, हुर्र म्हणणं, कुठली मेंढी कुठल्या झुडपाला लोभावते, सगळं अंगवळणी पडलं. ऊन लागू नये म्हणून डोक्याला सिद्धूचा पटका असे. टेकडीवर असताना खाली डाव वाजला की पोटात भूक उठे, मेंढरं आपोआप वळत आणि सरही. सरांना वाटे, आपणच मेंढरं वळवतोय. बानूबाई तेवढा वेळ ऑफिसात पंख्याखाली बसून प्रेरणेची वाट पाहत.

परीक्षेचा दिवस आला. पुण्याहून विद्यापीठाच्या परीक्षक डॉ. ज्ञानदा मॅडम दुपारी येणार होत्या.

"आज तेवढी घंटा वाजवा बानूबाई," सर कळवळून म्हणाले. "आज्ञा नाही, विनंती आहे."

"वाजवते की. आदी मेंढरं वर सोडून या."

सर वर गेले. पुण्यातून बाहेर पडताना चांदणी चौकात कधी नव्हे ती गर्दी नव्हती, त्यामुळे ज्ञानदा मॅडम अकरालाच पोहोचल्या. ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बानूबाई बसल्या होत्या. पायाशी कोकरू होतं.

"मुख्याध्यापक कुठे आहेत?"

"मेंढरांमागं."

"आणि आपण?"

"मी अनुयायी."

ज्ञानदा मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं, मग कोकराकडे. "येतील का ते?"

"आता बोलवते की." बानूबाई उठल्या. त्यांना घंटेची आठवण होती, नाही असं नाही. पण डाव जवळ होता.

पातेलं दणाणलं. वर्गांतून पोरं निघाली. टेकडीवरून मेंढरं निघाली. सर्वांत शेवटी, पटका बांधलेले, काठी आडवी धरलेले, हुर्र हुर्र करत एकनाथ सर उतरले आणि पातेल्यासमोर येऊन थांबले.

"यांना तुम्ही आज्ञा केलीत?" ज्ञानदा मॅडमनी विचारलं.

"न्हाई बाई. मोठा माणूस हाय, आज्ञा कशी करू? नुसतं वाजवलं."

"पूर्वीपासून असे येतात?"

"छ्या. पूर्वी डाव वाजला की लई चिडायचे."

ज्ञानदा मॅडम लिहू लागल्या. सरांच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

"मॅडम, एक मिनिट. थोडा गैरसमज होतोय. इथे नेता जो आहे तो मी..."

"गुर्जी, काळी मागं राहिली," बानूबाई म्हणाल्या.

आणि सर वाक्य तिथेच टाकून काळीला आणायला टेकडी चढले.

सुनीती मॅडमना प्रकल्पात सर्वांत जास्त गुण पडले. सरांच्या निकालात एवढंच होतं की अनुयायी उत्कृष्ट, नेता गैरहजर. उज्वलाताईंनी पाटी कपाटामागून काढली आणि पालथी करून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. बानूबाईंचं प्रमाणपत्र आलंच नाही, कारण आपण तसं ठरवलेलं आहे. ते चुलीच्या वर, धूर लागणार नाही अशा जागी टांगलं आहे.

सरांनी मात्र कार्यालयाला रीतसर अर्ज केला आहे. 'विषय: अनुयायीपद मंजूर करणेबाबत. महोदय, तालुक्यात नेतृत्वाचे अभ्यासक्रम वाढले असून अनुयायांचा तीव्र तुटवडा आहे. तरी प्रत्येक नेत्यामागे एक पूर्णवेळ अनुयायी नेमण्यात यावा. तूर्त या शाळेत सदर पदाचे काम मी स्वतः, मुख्याध्यापकपद सांभाळून, तात्पुरते पाहत आहे. ते पद भरणे शक्य नसल्यास माझी त्यावर नेमणूक करावी, मात्र प्रभारी म्हणून नव्हे, कायम करावी, ही नम्र विनंती.'