कान्हे संगणक जीर्णोद्धार समिती

कान्हे गावच्या कैलासच्या घरातला संगणक मूळचा कंपनीचा. कंपनीने तो भंगारात काढला, कैलासने पगारातून पैसे कापून देऊन तो घरी आणला, आणि भंगार आपल्या घरात आलं की त्याला वस्तू म्हणतात या नियमाने त्याच्यावर क्रोशाचं झाकण चढलं. यंत्र तब्येतीनं चालायचं. त्याची लेक अपेक्षा बटण दाबून भाकरी थापायला बसे. तिसरी भाकरी फुगली की पडद्यावर निळं आभाळ उगवे, आणि तवा उतरवला की माऊसचा बाण हलू लागे.

अशा यंत्रावर अपेक्षाला गेम खेळायचा होता, आणि तोही करमणुकीसाठी नव्हे. तळेगावच्या मामेभावाच्या संगणकावर खेळून तिनं एका राज्यस्तरीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. जिंकली तर पुण्यातल्या संघात पगारी जागा. हरली तर लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर. दुकानदाराला कैलासनं शब्दही देऊन ठेवला होता. आणि ऐन वेळी मामेभाऊ नोकरीसाठी संगणकासकट हैदराबादला गेला.

"पप्पा, आपल्या जुन्यालाच थोडे पार्ट टाकले तरी चालेल."

"दिवाळीपातूर एक रुपाया न्हाई," कैलास म्हणाला. "आन् चिक्कीत वाईट काय हाय? पडल्याले तुकडे खायला मिळत्यात."

अपेक्षा कामशेतला नूरमहंमदचाचांच्या दुकानी गेली. चाचा मिक्सर, मोबाईल आणि संगणक एकाच टेबलावर, एकाच स्क्रूड्रायव्हरनं दुरुस्त करत. त्यांनी डबा उघडला, आतली पाल जाऊ दिली आणि निदान केलं. "रॅम पायजे. ग्राफिक कार्ड पायजे. पंखा पायजे. आन् हे समदं मावायला डबा पायजे. जुनं काय ऱ्हाईल म्हणशील तर वायर."

"चाचा, बजेट नाही."

"बजेट देवळाला तरी कुटं आस्तं? तरी देऊळ हुतंय का न्हाई?"

हे मात्र खरं होतं. गावच्या देवळातल्या सभामंडपात एकही पंखा बिननावाचा नव्हता. प्रत्येक पात्यावर कुणा ना कुणा कैलासवाशाचं नाव. उन्हाळ्यात कुणाच्या वडलांखाली बसायचं हे लोक भावकी बघून ठरवत. हायवेला जमिनी विकल्यापासून गावाचा हात सढळ झाला होता. फक्त देण्याआधी तो हात नाव लिहायला जागा चाचपून बघे.

अपेक्षा महिपती आबांकडे गेली. आबांचा रस्त्याकडेचा तुकडा नुकताच विकला गेला होता.

"आबा, कॉम्प्युटरसाठी मदत पाहिजे होती."

"देवळाचा हाय का?"

"नाही, घरचाच."

"मग न्हाई." आबांनी तंबाखू मळली, दाढेत धरली. "त्यात पंखा आस्तो का?"

"असतो. तळहाताएवढा."

"मग आदी सांगायचं न्हाई का? पंखा आमचा."

वडगावहून पाट्या रंगवणारा आला. पंख्याला पाती सात निघाली. त्यांवर ऑइलपेंटनं सात शब्द बसले: कै. बाळोबा गेनू यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. दात्याचं नाव उरलं, ते डब्यावर मोठ्या अक्षरांत टाकलं.

मग गावात जे व्हायचं ते झालं. ग्राफिक कार्डाला दोन पंखे आहेत हे कळताच नंदाबाईनं एक घेतला आणि तिची जाऊ हिरा हिनं दुसरा. दोघींमध्ये भिंतीवरून वाद, बोलणं बंद. पण सासरा एकच, त्यामुळे एकाच कार्डावर एकाच माणसाचं दोनदा स्मरण झालं. "तिच्या पंख्याचं वारं माज्या मामंजीला लागाय नगं," एवढीच नंदाबाईची अट होती. रॅमला मात्र कुणी वाली नव्हता, कारण तिला पातीच नव्हती. चाचांनी तिच्यावर खेळण्यातला एक पंखा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिलाही देणगीदार मिळाला.

आता इतकी नावं पत्र्याच्या डब्यात कोंडून चालणार नव्हतं. काचेचा डबा आला. त्यात रंगीत दिवे आले, कारण मयतांना अंधारात ठेवणं बरं दिसलं नसतं. आणि एवढी मंडळी आली म्हटल्यावर समिती आलीच. महिपती आबा अध्यक्ष. नूरमहंमदचाचा तांत्रिक सल्लागार आणि एकमेव पुरवठादार. ही दोन पदं वेगवेगळी असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. अपेक्षाची 'वापरकर्ती' म्हणून नेमणूक झाली, मताधिकाराविना. ठराव क्रमांक एक: सदर संगणक सार्वजनिक समजण्यात यावा व कैलास यांच्या घराने स्थळ म्हणून सहकार्य करावे. ठराव क्रमांक दोन: मालकीचा वाद टाळण्यासाठी सदर संगणकास यापुढे कोणीही खासगी पैसा लावू नये. कैलास चहा देत होता. खासगी पैशाचा उल्लेख ऐकून त्याला बरं वाटलं.

पहिली अडचण आबांच्या बहिणीनं आणली. ती वडलांचं नाव बघायला आली, काचेपाशी बसली, चष्मा पुसून पुन्हा बसली.

"आप्पा कुटं हायेत?"

"हितंच हायेत की. फिरत्यात."

"मला तर नुसतं गोल दिसतंय."

आबा अपेक्षाकडे वळले. "जरा बंद कर गं."

"आबा, तो थांबला तर मशीन तापून बंद पडेल."

"देवळातला पंखा थांबला तर देऊळ बंद पडतं का?"

त्याच संध्याकाळी ठराव क्रमांक तीन झाला: दर रविवारी देणगीदारांच्या नातलगांस दर्शनासाठी पंखा बंद ठेवण्यात यावा, व त्या अवधीत संगणक तापणार नाही याची संगणकाने दक्षता घ्यावी.

अंतिम फेरीही रविवारीच होती.

सगळे देणगीदार हजर होते. यंत्र असं धावत होतं, की भाकरीचं पीठ मळायलाही सवड मिळू नये. अपेक्षानं कानाला हेडफोन लावला आणि चाचांच्या सल्ल्याला, नंदाबाईच्या सुस्काऱ्यांना ती मुकली. पडद्यावर माणसं पडत गेली. शेवटी दोघंच उरले, ती आणि नागपूरचा एक मुलगा. तो एका पडक्या भिंतीआड होता. ती जिन्यावर दबा धरून होती.

एवढ्यात सुदुंबऱ्याहून आबांच्या पाव्हण्यांचा टेम्पो आला. आबांनी मंडळींना काचेपाशी बसवलं. "तू खेळ गं, पोरी, तुजं चालू दे," ते मायेनं म्हणाले. मग त्यांनी काच सरकवली आणि खिशातला पेन पंख्यात घातला.

कट् असा आवाज झाला. पंखा थांबला. 'सप्रेम' लिहिलेलं पातं तुटून खाली पडलं. बाकी मजकूर शाबूत होता.

"दिसले," कुणीतरी म्हणालं. पाव्हण्यांनी हात जोडले. फोटो निघाले. नागपूरचा मुलगा भिंतीआडून बाहेर आला, अपेक्षानं नेम धरला, आणि पडदा काळा झाला.

"तापला," चाचांनी तांत्रिक सल्ला दिला.

आयोजक भले होते. तांत्रिक बिघाड धरून त्यांनी पुढच्या रविवारी फेरी पुन्हा ठेवली. या वेळी बंद पडला तर मात्र बाद. म्हणजे चिक्की. तपासणीत कळलं की बाकी सगळं ठीक आहे, फक्त पंखा नवा लागेल. किंमत एक प्लेट मिसळ, जादा पाव आणि कटिंग एवढीच. अपेक्षानं पर्स उघडली. समितीनं ठराव क्रमांक दोनकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कैलासचा हात स्वतःहून खिशाकडे गेला होता, त्यालाही तेच बोट दाखवलं. आबा दुसरा पंखा द्यायला एका पायावर तयार होते. या खेपेला आईच्या नावानं.

अपेक्षा सभेत उभी राहिली. "पंखा द्या, पण त्याच्यावर नाव नको. कुणाचंच. म्हणजे तो कुणी थांबवणार नाही."

"मग दिला कुणी ते कळायचं कसं?" नंदाबाईनं विचारलं.

"नाही कळलं तर?"

"आगं, मग दिला कशाला?" हिरा म्हणाली. बोलणं बंद झाल्यापासून जावा-जावांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तरी समिती अन्याय करणारी नव्हती. रात्री उशिरा ठराव क्रमांक चार संमत झाला: निनावी पंखा स्वीकारण्यास हरकत नाही. निनावी देणगीदाराचा रविवारी स्पर्धेपूर्वी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. तरी त्यांनी आपले पूर्ण नाव व एक फोटो फ्लेक्ससाठी नूरमहंमद यांच्याकडे त्वरित जमा करावा.

आज गुरुवार. अजून कुणी आलेलं नाही. चिक्कीवाल्यानं अपेक्षासाठी टोपी आणि एप्रन पाठवून दिलाय, मापाचा. गावातली सगळी घरं फिरून झाली, आता उरलात तुम्ही. तुम्ही शिकलेले आहात, मनानं मोठे आहात, आबांना मघापासून हसताय, आणि एका मिसळीनं तुमचं काही अडत नाही. तेव्हा पंखा पाठवाच.

फक्त पाठवण्याआधी, आत्ता तुमच्या मनात ज्यांचं नाव आलं, त्यांना तेवढं पंख्यावरून खाली उतरवा.