दादासाहेब सांबराच्या लग्नाची कॅसेट

एका जंगलात सगळ्यांचा आवाज तोंडाच्या मागे पडला, आणि चूक दादासाहेब सांबराची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, मुलांनो. मोठ्यांच्या गोष्टीत चूक कोणाची ते शेवटपर्यंत सांगत नाहीत आणि शेवटी ती आपल्यावरच येते.

दादासाहेब जंगलातले सगळ्यात वडीलधारे. एकसष्टी जवळ आली तरी शेपूट अजून ताठ. मान शेपटात असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकसष्टीला आपल्या लग्नाची जुनी कॅसेट अख्ख्या जंगलाला दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. कॅसेटला बुरशी लागली होती. ती कॉम्प्युटरवर उतरवून घेणं भाग होतं.

आता लग्न म्हटलं की मानपान आला. मेहुणे नानाराव तर लग्नातसुद्धा रुसले होते आणि तो रुसवा अजून पुरता उतरला नव्हता. म्हणून दादासाहेबांनी तोड काढली. चित्र उतरवायचा मान वरपक्षाचा, आवाज उतरवायचा मान वधूपक्षाचा. दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर.

वरपक्षाचं यंत्र किंचित जलद होतं, वधूपक्षाचं किंचित हळू. पण मान दोघांचाही राखला गेला. दादासाहेब रात्री गाढ झोपले.

एकसष्टीला दोन सागांच्या मध्ये चादर बांधून लग्न सुरू झालं. सुरुवातीला सगळं झकास. मग आवाज हळूहळू मागे पडायला लागला. अक्षता पडून गेल्यावर बगळेगुरुजी सावधान म्हणाले. पंगत येईपर्यंत तर कहरच झाला. नवरीचे ओठ हलले, ती लाजली, खाली बसली. चित्रात रेडा आला. तो तोंडभर मठ्ठा पीत होता आणि त्याच्या तोंडून नाजूक आवाजात उखाणा आला:

"गवतावर दव, दवावर ऊन,
दादासाहेबांचं नाव घेते सांबरांची सून."

माकडं फांदीवरून खाली पडली. रेडा स्वतः प्रेक्षकांत बसला होता, तो लाजला. दादासाहेबांचं शेपूट आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगसाच्या शेवंताला बोलावलं. तिने शाळा अर्धवट सोडली होती, म्हणून मोठे तिला आधी कधीच बोलवत नसत. नेहमी नंतर बोलवत.

शेवंताने एकदा पाहिलं. ती म्हणाली, "आवाज नुसता पुढे सरकवून भागायचं नाही, आजोबा. सुरुवात बिघडेल. आवाज लांबलाय. अंतरपाटाजवळ एकदा जुळवू, पंगतीत पातेलं पडतं तिथे एकदा जुळवू, आणि मधला आवाज थोडा आखडून घेऊ. संध्याकाळपर्यंत होईल."

नानाराव उठून उभे राहिले. "म्हणजे आमच्याच बाजूचं आखडायचं?"

"मग चित्र ताणा," शेवंता म्हणाली.

"वरपक्षाचं ताणायचं?" दादासाहेब म्हणाले.

दोघेही तासभर फुरफुरत होते. शेवंता म्हणाली, दोघांचे कान धरून जुळवले तरच हे जुळेल. तिला लगेच हाकललं.

मग दादासाहेबांनी सभा घेतली. फितीत काहीच चूक नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पूर्वी असंच बोलायचे. आधी तोंड उघडायचं, थांबायचं, मग आवाज काढायचा. तुम्ही घाई करता, कारण तुमच्यावर संस्कार नाहीत. उद्यापासून सगळ्यांनी तसंच बोलायचं.

आणि मुलांनो, जंगल तसं बोलायला लागलं! कोंबडा चोच वासायचा आणि बांग यायची तोवर कोंबड्या दाणे टिपून परत आलेल्या असायच्या. बेडूक रात्रभर आ करून बसायचे. साळिंदराची बायको त्याला शिवी द्यायची, ती बाहेर पडेपर्यंत तो बिळात जाऊन झोपलेला असायचा. कित्येक संसार सुधारले. म्हातारे म्हणाले, बघा, पूर्वीचे दिवस आले. शेपूट पुन्हा ताठ झालं.

एका सकाळी दादासाहेब तळ्यावर पाणी पीत होते. वर उंबरावर गुणाजी वानर पहाऱ्याला होता. वाघ दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम. त्याला वाघ दिसला. त्याने तोंड उघडलं.

दादासाहेबांनी वर पाहिलं. गुणाजीचा जबडा पुरता उघडा होता आणि त्यातून काहीही येत नव्हतं. दादासाहेबांचा ऊर भरून आला. "शाबास," ते पुटपुटले, अर्थात जरा थांबून.

वाघ बोलतच नव्हता, त्यामुळे त्याला नियमाची अडचण आली नाही.

गुणाजीचं "खक्क" आलं तेव्हा वाघ दादासाहेबांच्या शेपटापर्यंत पोचला होता. दादासाहेबांनीही किंकाळीसाठी तोंड उघडलं. ती आली तेव्हा वाघ तोंड पुसून निघून गेला होता.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांचं चुकलं तर ते दुरुस्त करायला जाऊ नका. आपणही तेवढंच चुकत जावं, म्हणजे सगळं जुळतं. खर्च फार येत नाही. दादासाहेबांना एक शेपूट लागलं.